जुना १४ कोरचा झिऑन की नवा ६ कोरचा आय५?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. इंटेलचे दोन प्रोसेसर, सर्व्हरसाठीचा वापरलेला झिऑन ई५-२६८० व्ही४ आणि डेस्कटॉपचा नवा आय५-१२४००, यांपैकी एक निवडायचा आहे. झिऑनमध्ये १४ कोर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग), २८ थ्रेड (एका वेळी हाती घेता येणारी कामे), ३५ एमबी कॅश (प्रोसेसरमधलाच जलद साठा) आणि चार चॅनेलची (डेटा वाहण्याच्या वाटांची) मेमरी. आय५मध्ये ६ कोर, १२ थ्रेड, १८ एमबी कॅश आणि दोनच चॅनेल. कागदावर सगळीकडे झिऑन सरस दिसत असताना जो तो आय५ घ्या असे का सांगतो, हे आपल्याला समजून घ्यायचे आहे. कामाच्या यादीत आपण मध्यम आकाराच्या सी++ प्रकल्पाचे बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करणे), दोन-तीन व्हर्च्युअल मशीन (एकाच यंत्रात चालणारे आभासी संगणक) आणि अधूनमधून व्हिडिओ संकलन लिहिले आहे, आणि मशीन बहुतेक वेळ चालूच राहणार असल्याचेही नमूद केले आहे.

सर्व्हर आणि वर्कस्टेशन जुळवणे व ती सांभाळणे हेच माझे रोजचे काम असल्याने आधी निकाल सांगतो: आपण लिहिलेल्या कामासाठी मी आय५ घेईन. मात्र या यादीतली एखादी गोष्ट बदलली, तर माझे उत्तरही उलटे होईल. त्यामुळे निकालापेक्षा त्यामागची कारणे जरा सविस्तर लिहितो.

आपण ज्यांची तुलना केली आहे ते सगळे क्षमतेचे आकडे आहेत: किती कोर, किती कॅश, किती चॅनेल. एकेक कोर दिलेले काम किती वेगाने उरकतो, हा आकडा तपशीलपत्रात कुठेच छापलेला नसतो, आणि आपल्या कोड्याचे अर्धे उत्तर तिथेच दडलेले आहे. हा झिऑन २०१६ मधील ब्रॉडवेल पिढीचा, तर आय५-१२४०० हा २०२२ मधील ॲल्डर लेक पिढीचा. मधल्या काळात कोरची अंतर्गत रचनाच बदलली. ब्रॉडवेलचा कोर एका घड्याळ-चक्रात चार सूचना उलगडतो, ॲल्डर लेकचा मोठा कोर (आय५-१२४००चे सहाही कोर याच प्रकारचे) सहा. एखादी सूचना मेमरीतून डेटा यायची वाट पाहत अडकली, की दरम्यान पुढच्या सूचना हाती घेऊन ठेवाव्या लागतात. ब्रॉडवेलला अशा १९२ सूचना एका वेळी हाताळता येतात, तर ॲल्डर लेकला ५१२. अडकून पडण्याचे प्रसंग प्रत्यक्ष प्रोग्राममध्ये इतके वारंवार येतात, की घड्याळाचा वेग समान ठेवला तरी नवा कोर पुढे निघून जातो.

हा फरक किती, याचा अंदाज इंटेलच्याच दाव्यांवरून बांधता येतो. ब्रॉडवेलनंतरच्या स्कायलेक पिढीच्या तुलनेत सनी कोव्ह रचनेत समान वेगावर सरासरी १८ टक्के आणि पुढे गोल्डन कोव्हमध्ये (म्हणजे ॲल्डर लेकच्या मोठ्या कोरमध्ये) तिच्या आधीच्या डेस्कटॉप पिढीपेक्षा सरासरी १९ टक्के वाढ कंपनीने सांगितली होती. दोन्हींचा गुणाकार केला आणि ब्रॉडवेल ते स्कायलेक ही छोटी पायरी धरली, तर समान वेगावर सुमारे दीडपट होते. त्यावर घड्याळाचा फरक येतो: झिऑनचा कमाल टर्बो (गरजेनुसार गाठता येणारा सर्वोच्च वेग) ३.३ गिगाहर्ट्झ, आय५चा ४.४, म्हणजे आणखी सव्वापटीपेक्षा थोडे जास्त. एकंदरीत आय५चा एक कोर झिऑनच्या जवळपास दोन कोरांचे काम करतो. हा ढोबळ हिशेब आहे आणि प्रत्येक प्रोग्राममध्ये तो थोडा इकडे-तिकडे होईल. पण पुढच्या विचारासाठी 'दुप्पट' हा आकडा पुरेसा खरा आहे. शिवाय ३.३ गिगाहर्ट्झ हा वेग एक-दोन कोर चालू असतानाचा असतो. चौदाही कोर कामाला लागले की तो ३ च्या आत येतो, हे वापरलेला सर्व्हर प्रोसेसर घेणाऱ्यांच्या अनेकदा उशिरा लक्षात येते.

कॅशबद्दलही एक गोष्ट राहून जाते. ३५ विरुद्ध १८ हा तिसऱ्या स्तराच्या कॅशचा, म्हणजे सर्व कोरांनी वाटून घ्यायच्या साठ्याचा आकडा आहे. प्रत्येक कोरला स्वतःची अशी दुसऱ्या स्तराची कॅश ब्रॉडवेलमध्ये २५६ केबी, तर आय५-१२४००मध्ये १.२५ एमबी मिळते. सगळ्या कोरांची बेरीज केली तरी झिऑनकडे ३.५ एमबी आणि आय५कडे ७.५ एमबी होते. कोरच्या अगदी शेजारचा, सर्वांत उपयोगी साठा नव्या प्रोसेसरकडेच जास्त आहे.

आता कोरांच्या संख्येकडे येऊ. आय५चे सहा कोर झिऑनच्या कोरांच्या हिशेबात बारा धरले, तर लढत चौदा विरुद्ध बारा अशी होते आणि झिऑन अजूनही पुढेच दिसतो. पण ही आघाडी टिकायची असेल तर काम चौदा जणांत नीट वाटले गेले पाहिजे. जीन ॲमडॉल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम इथे नेमका लागू पडतो: कामाचा जो भाग वाटता येत नाही, तो कितीही कोर लावले तरी तेवढाच वेळ खातो. झिऑनच्या एका कोरचा वेग १ मानून गणित करून पाहा. कामाचा ८० टक्के भाग वाटता येत असेल, तर झिऑनचे चौदा कोर मिळून ३.९ पट वेग देतात आणि आय५चे सहा कोर ६ पट. वाटता येणारा भाग ९५ टक्के झाला तर झिऑन ८.५ आणि आय५ ९.६. भाग ९९ टक्क्यांवर नेला की मग कुठे झिऑन १२.४ आणि आय५ ११.४ असा पारडेबदल होतो. म्हणजे दुपटीहून अधिक कोर असूनही, काम जवळजवळ संपूर्णपणे वाटता येण्याजोगे असेल तेव्हाच जुना सर्व्हर प्रोसेसर जिंकतो, आणि तेही थोड्या फरकाने.

आपले बिल्डचे काम या मोजपट्टीवर कुठे बसते? संपूर्ण प्रकल्प पुसून नव्याने बिल्ड केला, तर शेकडो फाइली स्वतंत्रपणे कंपाइल होतात (यंत्राच्या भाषेत उतरतात) आणि हे काम ९९ टक्क्यांच्या जवळ जाते. पण दिवसाकाठी असे पूर्ण बिल्ड आपण किती वेळा करता? माझ्या पाहण्यात रोजचे काम वेगळे असते. एका फाइलमध्ये दोन ओळी बदलायच्या, सेव्ह करायचे, बिल्ड दाबायचे. ती एक फाइल कंपाइल होते, मग लिंकर सगळे तुकडे जोडत बसतो, मग चाचणी चालते. कोरांचे आलेख उघडून ठेवले तर या काळात चौदांपैकी एक पट्टी टोकाला टेकलेली आणि बाकीच्या तळाशी झोपलेल्या दिसतात. माणूस खुर्चीत बसून वाट पाहतो ती याच एका पट्टीची, आणि हे दिवसातून पन्नास-साठ वेळा घडते. पूर्ण बिल्डला वाचलेली दोन मिनिटे जेवणाच्या सुट्टीत विरून जातात. लिंकिंगला लागणारे जास्तीचे दहा सेकंद मात्र प्रत्येक वेळी टोचतात.

इथवरचा हिशेब असा: एकट्याने, समोर बसून करायच्या कामात आय५ स्पष्टपणे पुढे, पूर्णपणे वाटल्या जाणाऱ्या कामात दोघे जवळपास बरोबरीत. प्रोसेसरचा विषय इथेच संपत असता तर सर्व्हर प्रोसेसर कोणी घेतलेच नसते. त्यांची खरी ताकद कोरांच्या भोवती असते, आणि तिचे कौतुक मी मनापासून करतो.

पहिली गोष्ट मेमरीची. आय५-१२४००ची अधिकृत मर्यादा १२८ जीबी, तर हा झिऑन दीड टीबीपर्यंत मेमरी हाताळू शकतो. दोन-तीन व्हर्च्युअल मशीनना ६४ जीबी मुबलक होईल, त्यामुळे आपल्याला ही मर्यादा आड येणार नाही. पण याच दोन-तीनच्या जागी पंधरा मशीन असती आणि प्रत्येकीला १६ जीबी द्यायची असती, तर हे सगळे उत्तर मी एका ओळीत संपवले असते: झिऑन घ्या. व्हर्च्युअल मशीन बहुतेक वेळ निवांत असतात, त्यांना वेगवान कोरपेक्षा बसायला जागा लागते. सर्व्हरमध्ये चालणारी रजिस्टर्ड मेमरी वापरलेली मिळते तेव्हा बरीच स्वस्तही पडते. मात्र ती डेस्कटॉपच्या बोर्डवर अजिबात चालत नाही. पुढेमागे आय५मध्ये वापरू या हिशेबाने ती घेऊन ठेवू नये.

चार चॅनेलबद्दल आपण विशेष लिहिले आहे, म्हणून त्याचे गणितही मांडतो. डीडीआर४-२४०० चा एक चॅनेल सेकंदाला १९.२ जीबी डेटा वाहतो, चार मिळून ७६.८. आय५मध्ये डीडीआर४-३२०० चे दोन चॅनेल लावले तर ५१.२ मिळतात, डीडीआर५-४८०० लावले तर पुन्हा नेमके ७६.८. म्हणजे नव्या मेमरीचे दोन रस्ते जुन्या चार रस्त्यांइतकेच रुंद आहेत. आणि हे चार रस्ते आपोआप मिळत नाहीत. एकदा माझ्याकडे अशाच झिऑनचे एक मशीन 'अठ्ठावीस थ्रेड असून रडत चालते' या तक्रारीसह आले होते. सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधण्यात अर्धा दिवस घालवल्यावर मी झाकण उघडले, तर आत ३२ जीबी मेमरीची एकच पट्टी! चौदा कोर एका चॅनेलवर रांग लावून बसले होते. त्या जागी ८ जीबीच्या चार पट्ट्या योग्य स्लॉटमध्ये बसवल्या, एकूण मेमरी तेवढीच राहिली आणि तक्रार संपली. झिऑन घ्यायचाच ठरला, तर पट्ट्या चारच्या पटीत घ्या आणि बोर्डच्या पुस्तिकेत दिलेल्या क्रमानेच बसवा.

दुसरी गोष्ट ईसीसीची, म्हणजे चूक दुरुस्त करणाऱ्या मेमरीची. यात दर ६४ बिट डेटामागे ८ जादा बिट ठेवलेले असतात. एक बिट उलटला तर तो जागीच दुरुस्त होतो आणि दोन उलटले तर निदान कळते. टोरोंटो विद्यापीठ आणि गूगल यांच्या संशोधकांनी २००९ मध्ये गूगलच्या सर्व्हरवरील अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक मेमरी पट्ट्यांवर अशा चुका आढळल्या होत्या. ही चूक कशी दिसते, किंवा खरे तर दिसत नाही, याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. साध्या मेमरीच्या एका साठवण-मशीनवर एक मोठी संग्रह-फाइल नकलून घेतली की तिचा चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे का हे पडताळणारा आकडा) कधी जुळे, कधी जुळत नसे. मी डिस्क बदलली, केबल बदलली, शेवटी रात्रभर मेमरी चाचणी लावली तेव्हा एका पट्टीतला एकच बिट अधूनमधून उलटत असल्याचे निघाले. तोवर किती फाइली त्या बिटामधून गेल्या असतील, हे शोधायला काही मार्ग नव्हता. आय५-१२४०० ईसीसीला आधार देत नाही. त्याच मालिकेतील आय५-१२५०० देतो, पण त्यासाठी डब्ल्यू६८० चिपसेटचा बोर्ड लागतो. डीडीआर५च्या चिपमध्ये अंतर्गत चूक-दुरुस्ती असते, तिला पूर्ण ईसीसी समजू नका. मेमरी ते प्रोसेसर या वाटेवरील चूक ती पकडत नाही. मशीनवर इतरांचा डेटा कायमचा राहणार असेल तर ईसीसीशिवाय मी पुढे जात नाही. केवळ बिल्ड आणि चाचणी असेल, तर त्याविनाही चालते.

तिसरी गोष्ट पीसीआय एक्स्प्रेसच्या लेनची, म्हणजे कार्डे आणि डिस्क प्रोसेसरला जोडणाऱ्या वाटांची. झिऑनच्या प्रोसेसरमधून तिसऱ्या पिढीच्या ४० लेन निघतात, आय५मधून २० (ग्राफिक्ससाठी पाचव्या पिढीच्या १६ आणि एसएसडीसाठी चौथ्या पिढीच्या ४). दोन ग्राफिक्स कार्डे, एक दहा गिगाबिटचे नेटवर्क कार्ड आणि चार एनव्हीएमई डिस्क (याच लेनवर चालणाऱ्या वेगवान एसएसडी) अशी मांडणी असेल तर आय५चा श्वास कोंडेल. आपल्या यादीतल्या कामांना एक ग्राफिक्स कार्ड आणि एक-दोन एसएसडी पुरतील, त्यामुळे यावर अधिक लिहीत नाही.

व्हिडिओ संकलनासाठी एक बाब निर्णायक ठरू शकते. आय५-१२४०० मध्ये अंतर्गत ग्राफिक्स आणि त्यासोबत क्विक सिंक हा व्हिडिओ उलगडण्याचा व बांधण्याचा खास विभाग आहे. झिऑन ई५ मध्ये तो नाही. एच.२६४ आणि एच.२६५ चित्रफिती टाइमलाइनवर पुढे-मागे सरकवताना हा छोटासा विभाग चौदा कोरांना लाजवतो. झिऑनमध्ये चित्र दिसण्यासाठीसुद्धा वेगळे कार्ड लागेल, तेही हिशेबात धरा.

मशीन बहुतेक वेळ चालू राहणार हे आपले वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. झिऑनचा टीडीपी (प्रोसेसर ढोबळमानाने किती वीज खातो तो आकडा) १२० वॉट आणि आय५चा ६५ वॉट (टर्बोमध्ये कमाल ११७) हे आकडे भाराखालचे आहेत. घरी चालू ठेवलेले मशीन दिवसातले बरेच तास काहीच करत नसते आणि खरा फरक तिथे पडतो: सर्व्हरचा बोर्ड, चार चॅनेलची मेमरी आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड रिकामे बसूनही वीज ओढत राहतात. हा फरक समजा ५० वॉट निघाला, तर वर्षभरात ४३८ युनिट होतात. आपल्याकडच्या वीजदराने त्याला गुणा आणि वापरलेल्या प्रोसेसरची 'बचत' किती महिन्यांत संपते ते पाहा. शक्य असल्यास विकणाऱ्याला मशीन सुरू करून मीटरवरचा आकडा दाखवायला सांगा. माझ्या ५० वर विसंबू नका, कारण बोर्डागणिक हा आकडा बदलतो.

वापरलेल्या सर्व्हर सामानाच्या काही खाचा-खोचाही सांगून ठेवतो. हा झिऑन विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. लिनक्स वापरणार असाल तर हा मुद्दा गैरलागू आहे. जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या मेल्टडाउन या प्रोसेसरमधील सुरक्षा-दोषावरील उपाय ब्रॉडवेलमध्ये सॉफ्टवेअरनेच करावा लागतो आणि वारंवार कर्नलकडे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे) जाणाऱ्या कामांना त्याची किंमत मोजावी लागते; ॲल्डर लेकमध्ये तो दोष हार्डवेअरमध्येच मिटवलेला आहे. प्रोसेसरच्या झाकणावर मॉडेल क्रमांकाऐवजी 'कॉन्फिडेन्शियल' असा शिक्का असेल तर तो चाचणी-नमुना आहे, त्याला हात लावू नका. आणि मोह होऊन एएमडी कंपनीच्या वापरलेल्या एपिक या सर्व्हर प्रोसेसरकडे वळलात, तर तो आधीच्या सर्व्हर उत्पादकाच्या बोर्डला कायमचा बांधला गेलेला नाही ना, हे लेखी विचारून घ्या. सुरक्षित बूटच्या एका व्यवस्थेमुळे असे प्रोसेसर दुसऱ्या कंपनीच्या बोर्डवर सुरूच होत नाहीत.

'सर्व्हर प्रोसेसर' ही एकसंध जातही नव्हे, हे जाता जाता नोंदवतो. २०२४ मधली एपिक ४००४ मालिका डेस्कटॉपच्याच एएम५ सॉकेटमध्ये बसते आणि आतून ती रायझन या एएमडीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांची सख्खी भावंडे आहे. दुसऱ्या टोकाला एपिक ९६५४ मध्ये ९६ कोर आणि बारा चॅनेल आहेत. आणि एपिक ७२एफ३ मध्ये तर मुद्दाम फक्त ८ कोर ठेवून त्यांना २५६ एमबी कॅश दिली आहे, कारण काही डेटाबेसचे परवाने कोरमागे मोजले जातात आणि तिथे कमी पण तगडे कोरच परवडतात. सर्व्हरच्या दुनियेतही जास्त कोर म्हणजे जास्त चांगले, असे कोणी डोळे झाकून मानत नाही.

खरेदीपूर्वी एक काम करा. आत्ता जे मशीन वापरता त्यावर आठवडाभर दोन नोंदी ठेवा: कामाच्या वेळी मेमरीचा सर्वोच्च वापर किती झाला, आणि आपण प्रत्यक्ष वाट पाहत होता तेव्हा किती कोर भरलेले होते. मेमरीचा वापर ६४ जीबीच्या आत आणि भरलेले कोर एक-दोनच असतील, तर आय५ घेऊन मोकळे व्हा. वाट पाहण्याचा बहुतेक वेळ सगळेच कोर टोकाला टेकलेले आढळले आणि मेमरीही १०० जीबीच्या पुढे गेली, तर ते दोन आकडे मला कळवा. मग झिऑनसाठी कोणता बोर्ड आणि मेमरीच्या कोणत्या पट्ट्या घ्याव्यात, ते पाहू.